गाण्याला कुलूप

'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण ऐकली की कापसाची भरभराट डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु ह्या काळ्या मातीने महाराष्ट्राला नुसता कापूसच दिला असे नव्हे, गाणीही दिली. मेहकरच्या ना. घ. देशपांडे ह्यांची 'शीळ' ही कविता १९३२ च्या सुमारास जी. एन. जोशी ह्यांच्या कंठातून ध्वनिमुद्रिकेवर आली आणि मराठी भावगीताची वाट मोकळी झाली. सुरेश भटांचा जन्म अमरावतीचा. अकोल्याच्या विठ्ठल वाघांची तिफणीची कविता 'अरे संसार संसार' ह्या १९८१ च्या चित्रपटातून घरोघरी पोचली. मात्र गाणे एकदा तबकडीवर चढले म्हणजे ते कोणाचे? कवीचे, गायकाचे, कंपनीचे, की पैसे मोजून ते घरी नेणाऱ्याचे? ह्या तंट्याचा इतिहास मोठा मौजेचा आहे.

१९०२ साली गेसबर्ग नावाचा ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ कलकत्त्यास आला आणि त्याने गौहर जानचे गाणे मुद्रित केले. गाणे संपताच बाई इंग्रजीत आपले नाव सांगत. ह्यात मिरवण्याचा भाग थोडा, सोयीचा अधिक. तबकड्या छापल्या जात जर्मनीत हॅनोव्हरला. तेथील कारागिरांना हा सूर कोणाचा हे कळावे कसे? म्हणजे आपल्याकडे गाण्यावर पहिली मोहोर उमटली ती कुलपाची नव्हे, नावाची!

कुलपाची त्या काळी फारशी गरजही नव्हती. मेणावर सूर कोरायचा, त्यावरून धातूचा साचा काढायचा आणि त्या साच्याने लाखेच्या तबकड्या छापायच्या, हा सारा कारखान्याचा उद्योग. तबकडीची नक्कल करणे हे घरबसल्या जमणारे काम नव्हते.

ही बंदिस्ती मोडली ती कॅसेटने. फिलिप्स कंपनीने ती १९६३ साली बाजारात आणली आणि १९८० नंतर अमरावती-अकोल्यासारख्या शहरांतून तिचा सुळसुळाट झाला. आवडीच्या गाण्यांची चिठ्ठी दुकानदाराच्या हाती द्यावी, कोरी कॅसेट ठेवून यावे आणि मग ती भरून घरी न्यावी! ह्यात चोरी आहे असे कोणाच्या मनासही शिवत नसे. एक गोष्ट खरी, की तबकडी ज्यांना परवडत नव्हती त्यांच्या ओसरीवर भजने, कीर्तने, लोकगीते पोचली ती ह्या स्वस्ताईमुळेच. परंतु भरून दिलेल्या कॅसेटचे पैसे दुकानापाशीच थांबत. कवी, गायक, वादक ह्यांच्यापर्यंत त्यातली दमडीही जात नसे. मोठी कंपनी असा घाव सोसते. पदरचे पैसे घालून कॅसेट काढणारा गावचा भजनी मात्र त्यात बुडतो.

१९८४ साली कायद्यात सुधारणा झाली. नक्कल करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन लाखांपर्यंत दंड ठरला. शिवाय तबकडी वा कॅसेट कोणी तयार केली, हक्क कोणाचा आणि वर्ष कोणते, हे तिच्यावर छापणे सक्तीचे झाले. पुन्हा नावच!

मग आली सीडी. १९८२ साली ती विक्रीस निघाली तेव्हा घरच्या संगणकावर हुबेहूब नक्कल निघेल, ही धास्ती कोणाला नव्हती. ती वेळ आल्यावर परदेशी कंपन्यांनी गाण्याला खरोखरच कुलूप ठोकले. २००२ साली अशा एका कुलपाची गंमत उघडकीस आली: तबकडीच्या कडेला साध्या शाईच्या जाड पेनाने रेघ ओढली की ते निकामी! पुढे २००५ साली सोनी बीएमजी कंपनीच्या तबकड्या संगणकात घालताच एक छुपा प्रोग्राम आत शिरून बसतो, हे मार्क रसिनोविच ह्या तज्ज्ञाने जगापुढे मांडले. त्याच्या आडोशाने विषाणूही लपू लागले. कंपनीला तबकड्या परत मागवाव्या लागल्या. गंमत पाहा, नक्कल करणाराच्या केसालाही धक्का लागला नाही. संगणक बिघडला तो दाम मोजून तबकडी घेणाऱ्याचा!

आता कवीचे काय, ते पाहू. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की चित्रपटासाठी गीत लिहून घेतले, तर वेगळा करार नसल्यास त्याचा हक्क निर्मात्याचा. तबकडीला कितीही कुलपे लावली असती, तरी अशा गीतकाराच्या ओंजळीत त्यातून काय पडणार होते? ते पडण्याची सोय २०१२ च्या दुरुस्तीने केली. चित्रपटगृहाबाहेर गाणे वापरले गेले, तर मानधनातला समान वाटा गीतकार-संगीतकारांना मिळावा, आणि तो हक्क त्यांच्याकडून लिहून घेऊ नये, असे तीत ठरले. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैदही त्याच दुरुस्तीने सांगितली. म्हणजे येथे कायद्याने कुलपापेक्षा माणसाचा हेतू पाहिला.

ह्या दिवाळीत घरात गाणी लागतील. त्यांतले एखादे तिफणीचे निघाले, तर मुलांना एवढे अवश्य सांगावे, की हे लिहिणारा कवी आपल्या अकोल्याचा. कुलपे आली नि गेली. पण ज्याचे गाणे त्याचे नाव, आणि ज्याचे नाव त्याला दाम, हा हिशेब अजून पुरता चुकता व्हायचा आहे.