शेतीतील टाकाऊ पदार्थांचा कोळसा आणि जलशुद्धीकरण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेव येथे पूर्णा नदी तापीस मिळते. केळी व कपाशी ही या परिसराची प्रमुख पिके. त्यामुळे केळीचे खांब व पऱ्हाट्या यांना येथे तोटा नाही. (पऱ्हाटी वाया जाते हे मात्र अर्धसत्य, ती चुलीत जाते.) अशा पदार्थांपासून सक्रिय कोळसा तयार करून दूषित पाणी शुद्ध करावे, हा विचार आज नवा मानला जातो. वस्तुतः त्यास दीर्घ इतिहास आहे.

कोळसा द्रवातील रंग शोषून घेतो, हे टोबियास लोविट्झ यांनी १७८५ मध्ये दाखविले. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून संरक्षण देणाऱ्या मुखवट्यांत नारळाच्या करवंटीचा कोळसा वापरला गेला. करवंटीस मोल आले ते युद्धामुळे.

महाराष्ट्रापुरते पाहता नागपूरचा अनुभव सर्वांत बोधक ठरतो. तेथे १९५८ मध्ये स्थापन झालेल्या व १९७४ पासून 'नीरी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने पाण्यातील फ्लोराईड काढण्याचे प्रयोग केले. भाताच्या तुसाचा कोळसा तुरटीच्या पाण्यात भिजवून वापरण्याची कृती भारतीय संशोधकांना ठाऊक होती. संस्थेने लाकडाच्या भुशावर गंधकाम्लाची व तुरटीची प्रक्रिया करून 'डिफ्लोरॉन-१' तयार केले. परंतु त्यातून पाणी नीट वाहत नसे व माध्यमही झिजून जाई. पुढे १९६८ मध्ये दगडी कोळशापासून 'डिफ्लोरॉन-२' सिद्ध झाले. त्याने फ्लोराईड निघत असे; मात्र त्याच्या पुनरुज्जीवनासाठी व देखभालीसाठी कुशल माणूस लागे. अखेर १९७० च्या दशकात तुरटी, चुना व ब्लीचिंग पावडर यांवर आधारित 'नालगोंडा पद्धती' पुढे आली. ती घरातील बादलीतही करता येई. कच्चा माल स्वस्त असल्याने कृती स्वस्त होत नाही, हे यावरून दिसते.

मुक्ताईनगरच्या संदर्भात आणखी एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, बुलढाणा व अमरावती जिल्ह्यांत खारपाणपट्टा आहे. पाण्यात विरघळलेले क्षार सक्रिय कोळसा अडवीत नाही. रंग, दुर्गंधी व अनेक कीटकनाशकांचे अंश तो धरून ठेवतो. कपाशीवरील फवारणी पाहता हा उपयोग लहान नाही. मात्र कीटकनाशक शोषून भरलेल्या कोळशाचे काय करावयाचे, तो पुन्हा तापविण्याची भट्टी कोठे असावी आणि ती कोणी चालवावी, हा 'डिफ्लोरॉन-२' च्या वेळचाच प्रश्न येथेही उभा राहतो. प्रयोगशाळेतील चंचुपात्रात तो उद्भवत नाही.