निवासी ट्रक-ट्रेलर

मालवाहू ट्रक व त्याला जोडलेला ट्रेलर यांत फेरबदल करून बनवलेले फिरते निवासस्थान. ट्रेलरच्या पुढच्या भागाचे वजन किंगपिनच्या (जोडखिळ्याच्या) ठिकाणी ओढणाऱ्या गाडीवर येते. त्यामुळे आतील मांडणी हा सजावटीपेक्षा तोलाचा प्रश्न ठरतो. १,००० लिटर पाणी म्हणजे एक टन भार. म्हणून टाकी व बॅटऱ्या तळाशी आणि दोन्ही बाजूंना समतोल राखून बसवतात. गॅस सिलिंडरचा कप्पा वेगळा, बाहेरून उघडणारा व तळाशी झरोके असलेला असावा, कारण गळलेला वायू खाली साचतो. वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. छताला उष्णतारोधक थर नसेल, तर पत्र्याच्या पेटीत दुपारी बसवत नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील बदलणारे फेरबदल मनमानीने करता येत नाहीत. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले.

वऱ्हाडातील चांदूर रेल्वे तालुक्यातून जाणारा समृद्धी महामार्ग अशा लांब वाहनाला सोयीचा आहे. चिखलदऱ्याच्या घाटवळणांवर मात्र ट्रेलर अडचणीचाच; तिथे एकसंध सांगाड्याची लहान गाडी बरी.