बंद ठेवलेली भिंत

‘फायरवॉल’ला ‘अग्निभिंत’ असा मराठी प्रतिशब्द सुचवला जातो. तो रुळला नाही, आणि त्याचे फार दुःख करण्याचेही कारण नाही. पण मूळ प्रतिमा त्यात स्पष्ट दिसते. लागून असलेल्या दोन घरांपैकी एकाला आग लागली तर ती दुसऱ्यात शिरू नये म्हणून मध्ये उभारलेली जाड भिंत, हा या शब्दाचा बांधकामातील जुना अर्थ. अशी भिंत बांधली की ती असते. ती ‘चालू’ करावी लागत नाही. संगणकातील भिंत मात्र असूनही नसल्यासारखी राहू शकते. २००१ ते २००४ या काळात असंख्य घरांत ती तशीच राहिली.

जाळ्यांना कुंपण घालण्याच्या विचाराला निकड आली ती २ नोव्हेंबर १९८८ रोजी सुटलेल्या मॉरिस वर्ममुळे. पुढे १९९० मध्ये बेल लॅब्जमधील विल्यम चेसविक यांनी आपल्या संस्थेच्या जाळ्याच्या वेशीवरील व्यवस्थेचे वर्णन केले. बाहेरचे कवच टणक आणि आतला गर मऊ, अशा आशयाची त्यांची उपमा पुढे या क्षेत्रात प्रसिद्ध झाली. या कल्पनेत एक गृहीतक दडलेले होते, ते म्हणजे वेशीवर कोणीतरी जाणता राखणदार बसलेला आहे. संस्थेत तो असतो. घरी टेलिफोनच्या तारेवरून थेट इंटरनेटला जोडलेल्या माणसाजवळ तो कुठून असणार?

२५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये या प्रश्नाचे उत्तर वस्तुतः होते. ‘इंटरनेट कनेक्शन फायरवॉल’ या नावाची भिंत त्यात अंगभूत होती. आपल्या संगणकाने बाहेर कोणाला काय विचारले याची ती नोंद ठेवी. त्या प्रश्नांची उत्तरे आत येऊ देई आणि न बोलावता आलेल्यांना परतवी. घरगुती वापरासाठी हे पुष्कळ होते. पण ती सामान्यतः बंद असे. चालू करायची तर जोडणीच्या गुणधर्मांची खिडकी उघडून, ‘ॲडव्हान्स्ड’ या पानावर जाऊन, एका चौकोनात खूण करावी लागे. ‘ॲडव्हान्स्ड’ हा शब्द वाचूनच सामान्य वापरकर्ता मागे फिरत असे, हे वेगळे सांगायला नको.

ती बंद का होती? भिंत चालू असली की शेजारच्या संगणकाला आपल्या फाइल दिसत नाहीत, सामायिक प्रिंटर अडतो, काही खेळ चालेनासे होतात; आणि ग्राहक तक्रार करतो. या अडचणी खऱ्या होत्या. तरीही वापरकर्त्याने काहीच निवडले नाही तर काय घडावे, हे कोणीतरी त्याच्या वतीने आधीच ठरवलेले असते. संहितेतील मौनालाही लेखक असतो, हे साहित्याच्या अभ्यासकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. १५ जानेवारी २००२ रोजी बिल गेट्स यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात नव्या सोयींपेक्षा सुरक्षिततेला अग्रक्रम द्यावा असे बजावले. तो चौकोन मात्र रिकामाच राहिला.

त्याची किंमत ऑगस्ट २००३ मध्ये कळली. विंडोजमधील एका दोषावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने १६ जुलैला प्रसिद्ध केला होता; ११ ऑगस्टला त्याच दोषातून शिरणारा ब्लास्टर वर्म पसरू लागला. संगणकाच्या क्रमांकित दारांना पोर्ट म्हणतात. हा वर्म १३५ क्रमांकाच्या दारातून येई. पडद्यावर साठ सेकंदांची उलटी गणती सुरू होई आणि संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होई. आमच्या विभागात एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाचा अध्याय टंकित होत असताना ही गणती सुरू झालेली मला आठवते. दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनी तिलाच विचारले, “काय उघडलंत तुम्ही?” तिने काहीही उघडले नव्हते. ब्लास्टरला कोणी काही उघडण्याची गरजच नव्हती. संगणक जाळ्याला जोडलेला असणे पुरेसे होते. त्या काळी असा दोषारोप किती निरपराधांनी ऐकून घेतला असेल!

पेच असा की उपाय इंटरनेटवर होता, आणि तो आणायला गेलेला संगणक तो मिळण्याआधीच बाधित होई. म्हणून जाणकार सांगत : आधी तार काढा, मग त्या चौकोनात खूण करा, आणि त्यानंतरच जोडणी करा. सुमारे दोन वर्षे दुर्लक्षित राहिलेली ती खूण अशी एकाएकी महत्त्वाची झाली.

एप्रिल २००४ च्या अखेरीस सॅसर वर्म आला, तोही कोणाच्या क्लिकची वाट न पाहणारा. ऑगस्टमध्ये आलेल्या ‘सर्व्हिस पॅक २’ने भिंतीचे नाव ‘विंडोज फायरवॉल’ केले आणि ती मुळातच चालू ठेवली. अनेक प्रोग्रॅम अडले, कुरकुर झाली, पण निर्णय टिकला. माझ्या मते या इतिहासातील कळीचा क्षण भिंतीच्या निर्मितीचा नसून हाच आहे.

या नव्या भिंतीत ‘अपवादां’ची एक यादी होती, आणि तीत फाइल व प्रिंटर यांच्या सामायिक वापरासाठी एक चौकोन होता. २००८ च्या नोव्हेंबरात कॉनफिकर पसरू लागला तो ४४५ क्रमांकाच्या दारातून. घरगुती संगणकांवर हे दार बहुधा बंद असे. कार्यालयांत मात्र अनेक ठिकाणी कोणीतरी त्या चौकोनात खूण केलेली होती, कारण त्याशिवाय शेजारच्या टेबलावरून छापता येत नव्हते.