नदीकाठचा उन्हाळा आणि पक्ष्यांचा ‘सीझन’

पक्षी बघायचे ते हिवाळ्यात, हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलं आहे की होळी झाली की दुर्बिणी कपाटात जातात. नदीकाठापुरती तरी ही समजूत फार जुनी नाही आणि ती बंदुकीने रुजवली, असं माझं मत आहे. दख्खनच्या शेतकऱ्याचं लक्ष नदीच्या पात्राकडे असायचं ते चैत्र-वैशाखात. टिटवीने अंडी खोलगटात घातली तर पाऊस बेताचा, उंचावर घातली तर भरपूर, हा ठोकताळा अजून सांगितला जातो. तो खरा ठरतोच असं नाही. पण मातकट रंगाची, काळ्या डागांची ती चार अंडी गोट्यांतून हुडकणं आणि जागेची उंची लक्षात ठेवणं, हे निरीक्षण नाही तर काय?

इंग्रज अंमलदारही अंडी गोळा करायला उन्हातच पात्रात उतरत. ॲलन ह्यूम यांचा भारतीय पक्ष्यांच्या घरट्यांवरचा आणि अंड्यांवरचा ग्रंथ १८७३पासून निघू लागला. कोणत्या भागात, कोणत्या महिन्यात, किती अंडी, असा त्यातला तपशील. नदी सुरय हा पक्षी साधारण मार्च ते मे या काळात, पात्र आटून वाळूची बेटं उघडी पडली की त्यांवर अंडी घालतो; तेव्हा त्याची नोंद डिसेंबरात होणार कशी? याच ह्यूमनी मार्शल यांच्यासह १८७९ ते १८८१ या काळात शिकारीच्या पक्ष्यांवरचे तीन खंड काढले. बदकं थंडीत येत, म्हणून शिकारही थंडीत. भरतपूरला नोव्हेंबर १९३८मध्ये एका दिवसात चार हजारांवर पक्षी पाडले गेले. पुढे बंदूक गेली, दुर्बीण आली; हंगाम मात्र तोच राहिला.

अंडी गोळा करणारे लुटारूच होते, असं कोणी म्हणेल. होतेच, १९७२च्या वन्यजीव कायद्याने अंड्या-घरट्यांना हात लावणं शिकारीत धरलं, ते योग्यच झालं. पण त्यांच्या तारखा त्यामुळे खोट्या ठरत नाहीत. दुसरा आक्षेप वजनदार आहे: थंडीत स्थलांतरित येतात, जाती जास्त दिसतात. खरं आहे. नांदूर मध्यमेश्वरची गर्दी उगाच होत नाही. मात्र तिथलं पाणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या बंधाऱ्याने अडवलेलं आहे. साठलेलं पाणी बदकांना मानवतं. सुरयाला उघडी वाळू लागते. भर दुपारी पोटाची पिसं पाण्यात भिजवून हा पक्षी अंड्यांवर येऊन बसतो, कारण तापल्या वाळूत अंडी उबवण्याइतकंच ती गार ठेवणंही गरजेचं असतं. वाळूउपशाने बेटच गेलं, किंवा धरणातून उन्हाळी आवर्तन सुटून ते पाण्याखाली गेलं, तर त्या वर्षीची वीण बुडते. जानेवारीच्या पक्षीगणनेत ते दिसत नाही. त्यासाठी एप्रिल-मेमध्येच काठाने चालावं लागतं, बेटापासून लांब राहून, कारण माणूस जवळ गेला की पक्षी उठतो आणि अंडी उन्हात उघडी पडतात.