बीजिंग : इंग्रजी नाव व उच्चार

चीनच्या राजधानीचे इंग्रजीतले आजचे नाव. जुने इंग्रजी नाव पेकिंग किंवा पीकिंग. चिनी भाषेत नावाचा पहिला भाग म्हणजे 'उत्तर' आणि दुसरा म्हणजे 'राजधानी'. नानजिंग ही तशीच 'दक्षिण राजधानी'. पेकिंगचे बीजिंग झाले तेव्हा चीनने शहराचे नावच बदलले, असा समज अनेकांचा असतो. तो खरा नाही. चिनी लिपीतली दोन अक्षरे जिथल्या तिथे राहिली, बदलली ती रोमन अक्षरे. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. १९९५ साली 'बॉम्बे' गेले तेव्हाही मुंबई मराठीत मुंबईच होती.

शहराचे नाव खरोखर बदलले ते वेगळ्या प्रसंगांनी. मिंग सम्राट युंग-लो याने १४०३ मध्ये त्याला 'उत्तर राजधानी' हे नाव दिले आणि १४२१ मध्ये राजधानी तिथे हलवली. १९२८ मध्ये राष्ट्रवादी सरकारने नानजिंगला राजधानी केले. उत्तरेत राजधानीच उरली नाही, म्हणून शहराचे नाव पुन्हा जुने 'पेइपिंग', म्हणजे 'उत्तरेची शांतता', असे झाले. सप्टेंबर १९४९ मध्ये कम्युनिस्टांनी राजधानी परत आणली आणि नावही. तैवानला गेलेल्या राष्ट्रवादी सरकारला मान्यता देणारी अमेरिका मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे 'पेइपिंग'च म्हणत राहिली. नाव उच्चारण्यातूनही बाजू घेता येते, ती अशी.

'पेकिंग'मधला 'क' युरोपियनांच्या कानांचा दोष नव्हे. जुन्या उच्चारात तो होताच. पुढे उत्तरेकडच्या बोलीत 'इ'पूर्वीचा 'क' तालव्य होऊन 'च'सारखा झाला. कँटनच्या बोलीत तो आजही 'क'च आहे. इटालियन जेझुइट मार्तिनो मार्तिनी याच्या १६५५ च्या चीनविषयक नकाशासंग्रहाने हे रूप युरोपभर रुळवले. विसाव्या शतकाच्या आरंभी चिनी टपालखात्याने ठरवलेल्या रोमन रूपांतही तेच राहिले.

चौ यूक्वांग आदी तज्ज्ञांनी तयार केलेली 'पिनयिन' ही रोमन लेखनपद्धती चीनने १९५८ मध्ये स्वीकारली. १ जानेवारी १९७९ पासून परदेशी भाषांतल्या सरकारी प्रकाशनांत ती वापरात आली आणि इंग्रजी वृत्तपत्रे हळूहळू 'बीजिंग'कडे वळली. जर्मन लोक अजून पेकिंगच म्हणतात आणि फ्रेंच लोक 'पेकँ'. त्यावर कुणाचे फारसे अडत नाही.

स्पेलिंग सुधारले, आणि नेमका तेव्हाच उच्चार नव्याने बिघडला. इंग्रजी बोलणारे पुष्कळ लोक, वृत्तनिवेदकसुद्धा, यातला 'ज' हा 'प्लेझर' किंवा 'मेझर' या शब्दांतल्या मधल्या व्यंजनासारखा घासून काढतात. असा ध्वनी चिनी नावात कुठेच नाही. शब्द परका, तेव्हा उच्चारही काहीसा फ्रेंच थाटाचा हवा, या समजुतीतून ही खोड लागते. 'ताज महाल'चा 'ताझ' करणारेही हेच लोक. २००८ च्या ऑलिंपिकच्या वेळी बीबीसीच्या उच्चार विभागाने साध्या, 'जॅक'मधल्या 'ज'ची शिफारस केली होती. इंग्रजीपुरते ते पुरेसे आहे.

मराठीपुरते मात्र नाही. मँडरिनमध्ये 'प' आणि 'फ' यांतला फरक कळीचा आहे, पण आपल्यासारखा घोष 'ब' नाही. जुन्या वेड-जाइल्स पद्धतीत तो फरक दाखवायला 'पी'नंतर वरती एक स्वल्पविरामासारखे चिन्ह द्यावे लागे आणि छापखान्यात ते हमखास गळे. पिनयिनने युक्ती केली : 'प'साठी रोमन 'बी' आणि 'फ'साठी 'पी'. 'च' आणि 'छ' यांच्या बाबतीतही असेच, 'च'साठी रोमन 'जे'. त्यामुळे रोमन 'बी' आणि 'जे' पाहून देवनागरीत 'ब' आणि 'ज' लिहिणे म्हणजे चिनी नाव इंग्रजी चष्म्यातून वाचणे होय. ज्या लिपीत अल्पप्राण-महाप्राण अशा जोड्या हाताशी आहेत, तिला या चष्म्याची गरज नव्हती. मूळ उच्चार 'पेइचिंग'च्या बराच जवळ आहे. त्यातला 'च' 'चिमणी'तला, 'चमचा'तला नव्हे. पहिले अक्षर खालच्या पट्टीत, दुसरे वरच्या पट्टीत सरळ धरून. 'बीजिंग'मधला दीर्घ 'बी' तर इंग्रजी उच्चारातही नाही, तो निव्वळ स्पेलिंग वाचून आला.

जुने नाव इंग्रजीतून पुरते गेलेले नाही. पेकिंग डक, पेकिंग ऑपेरा, पेकिंग मानव ही नावे टिकून आहेत. १८९८ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ स्वतःला इंग्रजीत आजही पेकिंग युनिव्हर्सिटी म्हणवते, जसे आपले उच्च न्यायालय अजून बॉम्बेचे आहे. पेकिंगीज कुत्राही तसाच. १८६० मध्ये ब्रिटिश-फ्रेंच सैन्याने तिथला उन्हाळी राजवाडा लुटला. त्या लुटीतली एक कुत्री व्हिक्टोरिया राणीला भेट मिळाली आणि तिचे नाव 'लूटी' ठेवले गेले. इंग्रजीत 'लूट' हा शब्द हिंदुस्थानातून गेलेला.

हिंदी वृत्तपत्रांत 'पेइचिंग' हे रूप अधूनमधून दिसते. मराठीत 'बीजिंग' रुळले आहे आणि ते बदलण्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही. पण कुणी 'पेइचिंग' लिहिले, तर मुद्रितशोधकाने त्यावर लाल पेन्सिल चालवू नये.