कलाटणी गेली कुठे?

मराठी कथेच्या शेवटाविषयी एक हकीकत इतक्या वेळा सांगितली जाते की ती आता कोणी तपासत नाही. ना. सी. फडक्यांनी कलाटणीचा शेवट रुजवला, गाडगीळ-गोखल्यांच्या नवकथेने तो मोडीत काढला, आणि मग कथा मोकळी झाली, अशी ती हकीकत. तिच्यात तथ्य आहे, पण नवकथेने नेमके काय टाकले हे मात्र तिच्यात चुकले आहे. माझ्या मते कलाटणी कुठेही गेली नाही. गेला तो कलाटणीनंतरचा खुलासा.

कलाटणी मुळात आली ती मासिकांच्या गरजेतून. हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’मधल्या (१८९०) स्फुट गोष्टी ऐसपैस होत्या. साप्ताहिकाचा वाचक पुढच्या अंकाची वाट पाहणारा, त्यामुळे गोष्ट आटपायची घाई कोणालाच नव्हती. १८९५ साली निघालेल्या ‘मनोरंजन’ मासिकाने ‘संपूर्ण गोष्ट’ रुळवली. वि. सी. गुर्जरांची गोष्ट त्याच अंकात सुरू होऊन त्याच अंकात संपायची, आणि एका बैठकीत वाचून होणाऱ्या गोष्टीला शेवटी काहीतरी हाती द्यावे लागते. गैरसमज, रहस्य आणि अखेरीस उलगडा ही मांडणी त्या गरजेला चपखल बसली. फडक्यांनी ‘प्रतिभासाधन’मध्ये (१९३१) तंत्राची चर्चा केली तोवर वाचकाला या शेवटाची चटक लागलेली होती.

यावर कोणी म्हणेल, हे सगळे इंग्रजी-अमेरिकी कथेचे अनुकरण होते. प्रभाव होताच, गुर्जरांनी तर प्रभातकुमार मुखोपाध्यायांच्या बंगाली कथाही मराठीत आणल्या. पण बाहेरचे बी कोणत्या जमिनीत रुजते हा प्रश्न उरतोच. त्याच काळात दिवाकर कृष्णांची ‘अंगणातला पोपट’ (१९२२) मनाच्या हुरहुरीवर उभी राहिली. तिचे कौतुक झाले, पण वाट मळली ती गुर्जर-फडक्यांची.

आता नवकथेच्या काळाकडे येऊ. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मधला (१९४९) धर्मा रामोशी घ्या. फाटक्या धर्माला निवेदक धोतर देतो, तरी त्याच्या अंगावर जुनीच चिंधी दिसते. शेवटी ते धोतर लुगड्यासारखे नेसलेली त्याची लेक दिसते. ही चक्क कलाटणी आहे, फडक्यांनाही पसंत पडली असती अशी. फरक इतकाच की माडगूळकर तिथेच थांबतात. दारिद्र्याविषयी एक अवाक्षर जोडत नाहीत. हे व्यक्तिचित्र आहे, कथा नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. मग अण्णा भाऊ साठ्यांची ‘स्मशानातील सोनं’ पाहा. खाण बंद पडल्यावर भीमा मढी उकरून सोने काढू लागतो, त्यातच त्याची बोटे जातात, आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. योगायोग इतका नेमका की एरवी तो बनावट वाटला असता. इथे तो पटतो, कारण बेकारी आणि काम यांचा खेळ त्या माणसाच्या हातात कधी नव्हताच.

गंगाधर गाडगीळांच्या अनेक कथांना असा कोणताच वळसा नाही, हे मान्य करावेच लागते. पण ती ‘सत्यकथा’ मासिकाच्या वाचकाची कथा होती. न सांगितलेले ओळखण्यात त्या वाचकाला रस होता, आणि संपादकांनाही तसाच वाचक हवा होता. वाचकाच्या जागी श्रोता आला की शेवटही बदलला. माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार कथाकथनासाठी गावोगावच्या व्यासपीठांवर बसू लागले. तिथे पान उलटून मागचे पुन्हा वाचायची सोय नव्हती, आणि शेवट मागच्या रांगेपर्यंत पोचणे भाग होते. मिरासदारांच्या विनोदी कथेतली अखेरची फजिती त्या सभागृहात बरोबर ठिकाणी हशा वसूल करी.