चौरागड : दोन सागरांच्या पाणलोटांमधली महादेवाची चढण

सातपुड्याच्या महादेव डोंगररांगेतील चौरागड हे १३०० मीटरहून अधिक उंचीचे शिखर पांढुर्णा व सौसर परिसरातील मराठी भाषकांच्या दृष्टीने केवळ पर्यटनस्थळ नाही. माघ वद्य चतुर्दशीला, म्हणजे महाशिवरात्रीला, येथे भरणाऱ्या यात्रेत विदर्भ आणि छिंदवाड्याकडील भाविक पिढ्यान्‌पिढ्या सहभागी होत आले आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हा नवा असला, तरी महादेवाची ही वाट फार जुनी आहे.

सौसर समुद्रसपाटीपासून सुमारे ३३० मीटर उंचीवर वसले आहे. येथून छिंदवाडामार्गे उत्तरेकडे जाताना भूमी टप्प्याटप्प्याने उंचावते. यात्रेची ‘पहिली पायरी’ मानले जाणारे स्थान जुन्नारदेव येथे आहे. तेथील पूजेनंतर भुराभगत गाठायचे आणि मग डोंगर चढायचा, असा दक्षिणेकडून येणाऱ्यांचा परंपरागत क्रम आहे. भुराभगत हा महादेवाचा थोर भक्त असून तो यात्रेकरूंना वाट दाखवितो, अशी लोकश्रद्धा आहे. उत्तरेकडील दुसरी वाट पचमढीहून निघते. पचमढीपासून सुमारे १० किलोमीटरवरील महादेव गुहेपर्यंत वाहन जाते. पुढील साधारण साडेतीन ते चार किलोमीटर पायीच जावे लागते. शेवटच्या टप्प्यात तेराशेच्या आसपास पायऱ्या आहेत.

खडक, पाणी आणि वन

या प्रवासात पायांखालचा खडक बदलत जातो. सौसरच्या नावानेच भूशास्त्रात ओळखला जाणारा ‘सौसर समूह’ हा मँगनीजयुक्त अतिप्राचीन रूपांतरित खडकांचा आहे. पांढुर्ण्याकडे काळा बेसाल्ट आढळतो, तर पचमढीचे कडे गोंडवन काळातील वालुकाश्माचे आहेत. वालुकाश्मात पाणी मुरते आणि भेगांतून पाझरते. म्हणून महादेव व जटाशंकर या गुहांत ओल टिकते. उंचावरील उघडा उतार मात्र शिवरात्रीच्या सुमारास कोरडा असतो. बेसाल्टवर साग आणि वालुकाश्मावर साल, हा या प्रदेशातील वनांचा सर्वसाधारण भेद जाणत्या यात्रेकरूच्या सहज लक्षात येतो.

नद्यांच्या दृष्टीनेही ही वाट अर्थपूर्ण आहे. पांढुर्ण्याची जाम नदी कन्हानला मिळते आणि ते पाणी वैनगंगा, प्राणहिता व गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागरात जाते. महादेव डोंगरातील देनवा मात्र तवेला आणि पुढे नर्मदेला मिळून अरबी समुद्राकडे वळते. जुन्नारदेवहून चौरागडाकडे जाणारा यात्रेकरू नकळत या दोन समुद्रांमधील जलविभाजक ओलांडतो.

त्रिशूळ आणि नवस

नवस फेडण्यासाठी शिखरावर त्रिशूळ वाहण्याची प्रथा आहे. काही त्रिशूळ हातात मावणारे, तर काही खांद्यावर आळीपाळीने वाहून न्यावे लागतील इतके जड असतात. मंदिराभोवती अशा त्रिशुळांची दाटी झालेली दिसते. नवस एका घराचा असला, तरी भार सोबतचे सगळे वाहतात. विदर्भातील सामूहिक यात्रेचे हेच मर्म आहे.

नावसाधर्म्यामुळे एक गल्लत वारंवार होते. गोंड राजा संग्रामशाहाचा आणि १५६४ मध्ये राणी दुर्गावतीचा पुत्र वीरनारायण जेथे धारातीर्थी पडला तो चौरागड किल्ला नरसिंहपूर जिल्ह्यात गाडरवाड्याजवळ आहे. पचमढीचे तीर्थशिखर त्याहून वेगळे होय.

एका दिवसाचे गणित

चढण दमछाक करते, परंतु बहुतेकांची खरी परीक्षा उतरताना होते. थकलेले गुडघे, गर्दीने गुळगुळीत झालेल्या पायऱ्या आणि ओसरता उजेड यांमुळे तोल जाण्याचा धोका वाढतो. म्हणून पहाटे निघून दुपारी परतीला लागणे इष्ट. पुरेसे पाणी, गूळ-फुटाण्यांसारखा सुटसुटीत शिधा आणि पकड असलेली पादत्राणे आवश्यक आहेत. हृदयविकार वा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय जड त्रिशूळ उचलू नये. वृद्धांच्या चालीने सर्वांनी चालावे, ही जुनी रीत आजही सर्वांत सुरक्षित ठरते.

नागपंचमीच्या सुमारास भरणारी नागद्वारीची यात्रा याच परिसरातील असली, तरी ती पावसातील आहे. तेथे निसरडे दगड आणि अचानक फुगणारे ओढे हे मुख्य संकट असते. तो मार्ग सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या वनातून जात असल्याने वर्षातून केवळ काही दिवसच खुला होतो.

सातपुडा राष्ट्रीय उद्यानाची स्थापना १९८१ मध्ये झाली, तर पचमढी जैवावरण क्षेत्राला २००९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक जाळ्यात स्थान मिळाले. यात्रा ओसरल्यावर मागे राहणारे प्लास्टिक रानगव्यांच्या आणि सांबरांच्या पोटात जाऊ शकते. वर नेलेला त्रिशूळ देवाजवळ ठेवावा. रिकामी बाटली मात्र स्वतःबरोबर खाली आणावी. ज्या वनातून ही वाट जाते, ते टिकले तरच पुढच्या पिढीला महादेवाकडे याच वाटेने जाता येईल.